रंगीत धूर आणि वाळलेलं गवत

परवा साताऱ्याहून भाच्याचा फोन आला. लग्न मे महिन्यात आहे, पण त्याआधीचं फोटोशूट येत्या रविवारी, यवतेश्वरच्या पठारावर. फोटोग्राफरने निळ्या आणि गुलाबी धुराच्या सहा नळ्या आणून ठेवल्यात. "मामा, सूर्य मावळताना धूर सोडला ना, काय फोटो येतात!" मी विचारलं, गवत कसं आहे रे तिथलं? "वाळलंय की. फेब्रुवारी सरत आला."

मी दक्षिण कॅलिफोर्नियात, रेडलँड्सला राहतो. शेजारच्या युकाइपा गावामागे ओक ग्लेन आहे, सफरचंदांच्या बागांचं. 5 सप्टेंबर 2020 ला तिथल्याच एल डोराडो रँच पार्कमध्ये एक कुटुंब फोटो काढायला गेलं होतं. पोटातलं बाळ मुलगा की मुलगी, हे धुराच्या रंगातून जाहीर करायचं होतं. उष्णतेची लाट होती, गवत उंच आणि वाळलेलं. धुराच्या नळीने ते पेटलं. त्यांनी जवळच्या बाटल्यांतलं पाणी ओतून बघितलं, आपत्कालीन क्रमांकावर फोनही केला. आग आटोक्यात आली नाही. साधारण 22,700 एकर जळालं, पाच घरं गेली. 17 सप्टेंबरला त्या आगीशी झुंजताना चार्ल्स मॉर्टन हा 39 वर्षांचा अग्निशामक जवान गेला. आमच्या अंगणातल्या तुळशीवर रोज सकाळी राख असायची. फेब्रुवारी 2024 मध्ये त्या जोडप्याने कोर्टात गुन्हा कबूल केला. नवऱ्याला एक वर्षाचा तुरुंगवास झाला, आणि भरपाई ठरली जवळपास 17 लाख 90 हजार डॉलर.

त्या दोघांचं काही वाईट करायचं मनात नव्हतं. भाच्याच्याही नाही. म्हणूनच मला धास्ती वाटते.

आपल्याकडे या नळ्यांवर वाद दोन वेळा ऐकले. पहिला 13 डिसेंबर 2023 नंतरचा. लोकसभेत प्रेक्षक सज्जातून दोघांनी उडी मारली, सभागृहात पिवळा धूर पसरला. बाहेरही रंगीत धूर सोडला गेला आणि तिथे पकडलेल्यांत आपल्या लातूर जिल्ह्यातला एक तरुण होता. तेव्हा सगळे म्हणाले, या नळ्या सरसकट बंद करा. दुसरा वाद प्री-वेडिंगचा. लग्नाआधीचे फोटो हवेत कशाला, असे ठराव समाजाच्या बैठकांत होतात. एका वादात देशाची सुरक्षा, दुसऱ्यात संस्कार. नळी कुठल्या जमिनीवर पेटवली जाणार, हे दोन्हींत कुणी विचारलं नाही.

आणि खरा धोका तिथेच आहे. या नळीत बहुधा पोटॅशियम क्लोरेट, साखरेसारखं इंधन आणि रंगाची पूड असते. रंग जळून जाऊ नये म्हणून मिश्रण मंद जळेल असं केलेलं असतं. रंगाची वाफ होते, बाहेर हवेत ती निवून बारीक कण होतात, आणि तो आपल्याला धूर दिसतो. ज्वाळा फारशी दिसत नाही. लवंगी माळेला घाबरणारा माणूस ही नळी बिनधास्त हातात धरतो. पण आत जळतच असतं, कवच चांगलंच तापतं, आणि धूर संपला म्हणून ते लगेच गार होत नाही. लोक नेमकी त्याच वेळी नळी गवतात टाकून पुढच्या पोझला उभे राहतात. ते कण श्वासातही जातात, म्हणून हॉलमध्ये किंवा बंद खोलीत ती पेटवूच नये. (शालूवर पडलेला रंग निघेल या भरवशावरही राहू नये.)

फोटोग्राफर तिला प्रॉप म्हणतो, पण आत आहे ती फटाक्यांचीच दारू. स्फोटकांचा आपला कायदा 1884 चा. त्याचे परवाने बघणाऱ्या 'पेसो'चं मुख्यालय नागपुरात आहे. ऑनलाइन फटाकेविक्रीला सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2018 मध्येच मनाई केली. राखीव वनात आग लावणं 1927 च्या वन कायद्याने गुन्हा आहे. 15 फेब्रुवारीपासून 15 जूनपर्यंत आपलं वनखातं वणव्याचा हंगाम धरतं, त्यासाठी आधीपासून जाळरेषा, म्हणजे आग पुढे सरकू नये म्हणून गवत साफ केलेले पट्टे, काढतं. आणि शूटचा मोसमही नेमका तोच.

"तिकडे राहून आम्हाला शिकवू नका," असं घरच्या ग्रुपवर मला ऐकवलं गेलं. पण इकडचे लोक शहाणे आहेत असं मी म्हणतच नाही. इथे फटाक्यावर राज्याच्या अग्निशमन प्रमुखाचा शिक्का लागतो, शिक्क्याचा मालही 28 जून ते 6 जुलै एवढाच विकता येतो, अनेक शहरांत तोही चालत नाही, आणि राष्ट्रीय वनांत बारा महिने बंदी. इतकं असूनही युकाइपा घडलं. फरक एवढाच, की आग कुणी लावली ते शोधलं गेलं आणि त्यांना भरावं लागलं. आपल्याकडे वणव्याच्या बातमीत 'अज्ञात' हा शब्द ठरलेला. पठारावरची घरटी, सरपटणारे जीव, गुरांचा वर्षाचा चारा, सगळं त्या अज्ञाताच्या नावावर जातं. मला हे सहन होत नाही.

सरसकट बंदी मला नको आहे. रंगीत धुरातले फोटो देखणे येतात, पोरांनी हौस करावी. पण डोंगरावर, गडावर, रानात नको. जमीन उघडी किंवा ओली हवी, जागामालकाची परवानगी हवी, वारा पडलेला हवा, भरलेली बादली शेजारी हवी आणि विझलेली नळी तिच्यात बुडवायला एक माणूस नेमलेला हवा.

भाचा आधी हिरमुसला, मग म्हणाला, "आपल्या मळ्यातच करू." उसाचं पाचट पडलंय ना रे तिथे, म्हटलं. फोन दाजींनी घेतला. खालचा तुकडा नांगरलेला आहे, पाचट तिकडे नाही. शनिवारी रात्रीची लाईट आहे, तेव्हा मोटर लावून कडेचे बांधही भिजवून ठेवतो, म्हणाले.