वसंत दारात आला की आतून कडी लावा

महाशिवरात्रीला थंडी ‘शिव शिव’ करत निघून जाते म्हणतात. जाऊ दे. तिची काळजी करू नका. घरात दोन मुलगे असतील, एक नऊ वर्षांचा आणि एक सहाचा, तर काळजी करायची ती तिच्यानंतर जो येतो त्याची. पंचांगात वसंताला चैत्र आणि वैशाख असे दोनच महिने दिलेत. पण हा गृहस्थ आंब्याला मोहोर दिसला रे दिसला की माघातच घुसतो, तोही नेमका वार्षिक परीक्षेच्या तोंडावर. गेली काही वर्षं पुण्यातल्या एका दोन बेडरूमच्या फ्लॅटमधून मी त्याच्याशी झुंज देतोय. त्या अनुभवाचे बोल इथे फुकट देतो आहे. विकत कुणी घेतले नाहीत.

सुरुवात स्वेटरपासून. मार्चच्या सुरुवातीला पुण्यात सकाळी 16 अंश असतात आणि दुपारी 36. सकाळी स्वेटर घालून गेलेला मुलगा दुपारी स्वेटरशिवाय परत येतो. स्वेटरवर आतून ठळक अक्षरांत नाव लिहा. म्हणजे तो नावासकट हरवतो.

आता परीक्षा. वसंताशी लढायला याहून चांगलं हत्यार अजून निघालेलं नाही. आमच्या लहानपणी एप्रिलच्या मध्याला परीक्षा आटपायची आणि पुढचे दोन महिने आईबाप उघड्यावर पडायचे. 2025 साली पहिली ते नववीची परीक्षा थेट 25 एप्रिलपर्यंत नेली, तेव्हा उन्हाचं कारण काढून पुष्कळ पालकांनी कुरकुर केली. मला मात्र भरून आलं. आंबे पिकेपर्यंत पोरांना भागाकारात अडकवून ठेवायचं, एवढी दूरदृष्टी सरकारी कागदावर मी क्वचितच पाहिली आहे.

पण परीक्षेतही एक भोक आहे, ते बुजवा. ते भोक म्हणजे निबंध. आमच्या थोरल्याला आला होता ‘माझा आवडता ऋतू : वसंत’, दहा ओळी. गाइडात पहिलीच ओळ छापलेली, ‘वसंत ऋतूत सर्वत्र हिरवळ पसरते.’ थोरल्याने विचारलं, “कुठे?”

चूक माझीच. आदल्या रविवारी मी त्याला टेकडीवर नेलं होतं. फाल्गुनातली आपल्याकडची टेकडी तुम्हाला माहीत आहे. गवत वाळून पिवळं झालेलं, एका उताराला कुणीतरी आग लावलेली, तिथे सगळं काळंकुट्ट. उंदीरमारीच्या नुसत्या काटक्यांना गुलाबी फुलं. काटेसावरीवर एक पान नाही, पण फुलांवर साळुंक्यांची ही झुंबड. आणि उतारावर एकटा पळस पेटलेला. पोराने हे सगळं बघून घेतलं. इतकंच नाही, घरी येऊन लिहूनही टाकलं, “वसंत ऋतूत टेकडी पिवळी असते. थोडी काळी असते. पळसाला एकही पान नसते, म्हणून पळसाला पाने तीन ही म्हण मार्चमध्ये चालत नाही.”

पाचपैकी दोन गुण. ‘हिरवळ?’ असा लाल शेरा, खाली दोन रेघा.

अशा वेळी कच्चा बाप मुलाची बाजू घेतो. तुम्ही तसलं काही करू नका. मुलाला मांडीवर घ्या आणि प्रेमाने सांगा, बाळा, वसंत दोन प्रकारचा असतो. एक टेकडीवरचा, त्याला गुण नसतात. दुसरा गाइडातला. मग ‘सर्वत्र हिरवळ पसरते’ दहा वेळा लिहून घ्या. आमच्या धाकट्याला असलं काही समजावावं लागत नाही. त्याने चित्रकलेच्या वहीत टेकडीला हिरवा खडू फासला, दोन त्रिकोणांच्या मधून सूर्य काढला, वर चारचे आकडे उलटे करून पक्षी सोडले आणि स्टार मिळवला. टेकडीवर तो पूर्ण वेळ माझ्या खांद्यावर झोपलेला होता. पोरगा पुढे जाणार.

होळीचा प्रश्न थोडक्यात सुटतो. पुण्यात रंग खेळायचे ते खरं रंगपंचमीला, पण आता धुळवडीलाही खेळतात, म्हणजे आठवड्यात दोनदा. तेव्हा धुळवडीला सांगायचं, “आपल्याकडे खरे रंग रंगपंचमीला असतात.” आणि रंगपंचमीला सांगायचं, “झाले की रे धुळवडीला!” ही युक्ती बरोबर एक वर्ष चालते. दुसऱ्या वर्षी थोरला भिंतीवरचं कॅलेंडर काढून समोर धरतो. होळीच्या रात्री बोंब मारायची असते, हे मात्र कुणीही त्यांच्यासमोर बोलू नये. आमच्याकडे आजीने सांगितलं. शिमगा गेला आणि कवित्व राहिलं म्हणतात, आमच्याकडे ते पाडव्यापर्यंत राहिलं, तेही लिफ्टमध्ये.

आजीचा विषय निघालाच आहे तर सांगतो. कुठलाही किल्ला पडतो तो आतल्या फितुरीने. तुम्ही मुलांना “खाली जायचं नाही” म्हणता आणि त्याच वेळी स्वयंपाकघरात कुणीतरी कैऱ्या उकडून, गूळ-वेलची घालून पन्ह्याची तयारी करत असतं. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला दोघांना बरोबर नेण्याचा आग्रह आजीचाच. तिथे ओटीत भिजवलेले हरभरे देतात. भिजलेला हरभरा बोटांत धरून दाबला की सालातून दाणा किती लांब जातो, हे ज्या घरात कळलं त्या घरच्या गौरीचं दर्शन आता आम्हाला लांबूनच घ्यावं लागतं. वाटली डाळही डब्यातून घरपोच येते. गैरसोय म्हणून नाही सांगत, उलट सोयच झाली.

लोक म्हणतील, अहो, राम-लक्ष्मणाची जोडी आहे! म्हणू द्या. वाली आणि सुग्रीव हेही सख्खे भाऊच होते. दोन मुलगे असले की सगळं दोन-दोन आणावं, हा सल्ला ज्याने काढला त्याला बहुधा एकच मूल असावं. मी साखरेच्या गाठ्यांच्या दोन माळा आणल्या. एकाच दुकानातून, एकाच खिळ्यावरच्या. दोघांनी मोजायला घेतल्या. एकीत अकरा गाठ्या, दुसरीत बारा. बारावालीचं पदक लहान. आता अकरा अधिक मोठं पदक हे बारा अधिक लहान पदकाच्या बरोबर होतं की कमी, हा वाद पहिलीतला आणि चौथीतला मुलगा मिळून पाऊण तास घालू शकतात. भागाकाराचं पुस्तक शेजारी उघडं असताना. अशा वेळी दोन बोक्यांच्या भांडणातल्या माकडाला स्मरावं. त्याला उगाच बदनाम केलंय. मी आधी बारावी गाठ खाल्ली. मग पदक मोठं वाटायला लागलं, तेव्हा त्याचा एक कोपरा. मग दुसरी माळ जड वाटली. गुढीला शेवटी जी माळ लागली तिच्यात पाच गाठ्या होत्या, आणि दोघं भाऊ माझ्या विरोधात एक झाले होते. घरात एकी हवी असेल तर बापाने एवढा त्याग करायला हवा.

पार्किंगमधल्या क्रिकेटबद्दल माझ्याकडे एकच सूचना आहे : आपली गाडी बाहेर रस्त्यावर लावा. आयपीएल सुरू झाली की ‘एक टप्पा आऊट’, ‘भिंतीला डायरेक्ट लागला तर आऊट’, ‘सेक्रेटरीकाकांच्या बाल्कनीत गेला तर आऊट आणि आणायचंही त्यानेच’ असे नियम आपोआप लागू होतात. आपल्या सोसायटीची घटना-दुरुस्ती व्हायला तीन सर्वसाधारण सभा लागतात, या पोरांची दोन चेंडूंच्या मध्ये होते.

तरीही मुलांना निसर्गाचा सहवास हवाच, असं तुम्हाला मनापासून वाटत असेल तर त्याचीही सोय आहे. शिबिरात घाला. पाच दिवसांचं निसर्ग-शिबिर असतं, चांगले हजारो रुपये घेतात, म्हणजे चांगलंच असणार. तिथे दोर बांधून, हेल्मेट घालून झाडावर चढवतात. चाळलेल्या मातीत खेळवतात. शेवटच्या दिवशी प्रमाणपत्र देतात की अमुक अमुक झाडावर चढला. आमचा थोरला ते प्रमाणपत्र घेऊन आला त्याच संध्याकाळी सोसायटीच्या आंब्यावर चढलेला सापडला. मी त्याला अर्थातच बदडायचा बाकी ठेवला. प्रमाणपत्र त्या झाडाचं नव्हतं.

मुलं वाढवण्याचा खरा आदर्श याच ऋतूत तुमच्या खिडकीबाहेर पहाटे पाचपासून ओरडत असतो, तुमचं लक्ष नसतं. कवी लोक कोकिळेचा कंठ म्हणून जिचं कौतुक करतात ती गातच नाही. ‘कुहू’ करतो तो नर, काळा कुळकुळीत. मादी ठिपक्याठिपक्यांची, ती नुसतं किक-किक करते आणि कावळ्याच्या घरट्यात अंडं घालून मोकळी होते. पिल्लांना भरवायचं, उडायला शिकवायचं, सगळं कावळीणबाईंकडे. बाप सकाळ-संध्याकाळ रियाज करायला मोकळा. तिसरी फेरी मारूनही दोघांच्या दप्तरातल्या चार पाण्याच्या बाटल्यांपैकी एकीचं झाकण सापडत नसतं, तेव्हा मी त्या आवाजाकडे मोठ्या आदराने कान देतो.

आता शेवटचा आणि सगळ्यात नाजूक मुद्दा, कैऱ्या. सोसायटीच्या आंब्याच्या कैऱ्या ही सोसायटीची सामायिक मालमत्ता आहे. म्हणजे त्या कुणीच खायच्या नसतात, पिकून गाड्यांवर पडायच्या असतात. तुमच्या मुलांच्या खिशातून त्या निघाल्या तर सेक्रेटरीकाकांचा फोन येईल. फोनवर “हो, हो, समज देतो” म्हणावं. मग दोघांना भिंतीशी उभं करून माल जप्त करावा. आमच्याकडे परवा अशा सात कैऱ्या निघाल्या, शिवाय थोरल्याच्या खिशातून सावरीचा कापूस आणि धाकट्याच्या खिशातून एक जिवंत सुरवंट. सुरवंट कुंडीत सोडला. कैऱ्या मी स्वतः फ्रिजच्या वर, पाहुण्यांच्या कपांच्या मागे ठेवल्या.

जप्त मालाची रात्री तपासणी करायची असते, हे कायद्याने आलंच. दिवे मालवल्यावर अर्ध्या तासाने जावं. चप्पल घालू नये. चाकू आधीच हेरून ठेवावा. तिखटामिठाची वाटी ओट्यावर डावीकडे असते. मी हे सगळं नियमानुसार पार पाडत अंधारात स्वयंपाकघराच्या दारापर्यंत पोचलो, तर आत फ्रिजचं दार थोडं उघडं होतं आणि त्या उजेडात तिघं जण जमिनीवर मांडी घालून बसले होते. मध्ये ताटली. ताटलीत सातव्या कैरीच्या फोडी. धाकट्याच्या नाकापर्यंत तिखट.

मी घसा खाकरला. आईने वर न बघता एक फोड मिठात बुडवली आणि म्हणाली, “आत येतोयस तर कडी लाव.”