कोइंब्रा चढायचं नाही, उतरायचं

पोर्तुगालला जाणारे आपले बहुतेक लोक लिस्बन आणि पोर्तो इथे मुक्काम टाकतात आणि मधल्या कोइंब्राला जेमतेम तीन तास देतात. बस खाली मोंदेगू नदीच्या काठी थांबते. भर उन्हात डोंगर चढून लोक धापा टाकत विद्यापीठाच्या अंगणात पोहोचतात, तेव्हा कळतं की ग्रंथालयाची आजची तिकिटं संपली. मग चार फोटो काढायचे आणि परत खाली. मला हे मनापासून खटकतं. या गावाला अख्खा दिवस आणि एक रात्र द्यावी, शक्यतो एकट्याने द्यावी, आणि वर गाडीने जाऊन पायी उतरत यावं.

आधी वार आणि महिना बघा. सोमवारी संग्रहालयं बंद असतात, म्हणजे अर्धा दिवस हातचा जातो. शनिवार-रविवारी बरेच विद्यार्थी घरी जातात आणि ऑगस्टमध्ये सुट्ट्या असतात, त्यामुळे गाव ओकंबोकं वाटतं. मे महिन्यात ‘केइमा दाश फिताश’ हा विद्यार्थ्यांचा मोठा उत्सव असतो. तेव्हा खोली मिळणं मुश्कील. एप्रिल आणि ऑक्टोबर उत्तम.

लिस्बनहून जलद गाडी साधारण पावणेदोन तास घेते, पोर्तोहून तासभर. तिकीट आधी काढलं की बरंच स्वस्त पडतं. गाडी कोइंब्रा-बी या स्टेशनवर सोडते, आणि ते गावाबाहेर दोन किलोमीटरवर आहे. जुन्या प्रवासपुस्तकांत ‘तिथून छोटी गाडी पकडून कोइंब्रा-ए ला उतरा’ असं लिहिलेलं सापडेल. ते स्टेशन जानेवारी २०२५ मध्ये बंद झालं, तेव्हा त्या भरवशावर राहू नका. खोली खालच्या गावात, म्हणजे बायशात घ्या. वरच्या गल्ल्यांत चाकाची बॅग ओढणं म्हणजे हाताला आणि चाकांना दोन्हींना शिक्षा. बॅग टाकली की टॅक्सीने थेट पोर्ता फेरिआपर्यंत, म्हणजे विद्यापीठाच्या जुन्या दरवाजापर्यंत. बाजारापासून वर नेणारी लिफ्ट आहे, पण ती कधी कधी बंद असते. वेळ ठरलेली असेल तर तिच्यावर विसंबू नका.

वेळ ठरलेली असतेच, कारण सगळा दिवस विद्यापीठाच्या जोआनिना ग्रंथालयाच्या तिकिटावर टांगलेला असतो. तिकिटावर वेळ छापलेली असते आणि त्या वेळेला ठरावीक लोकांचा गट आत सोडतात. वेळ चुकली की संपलं. बाकीच्या जागा त्याच तिकिटावर दिवसभरात केव्हाही बघता येतात. म्हणून सकाळची वेळ ऑनलाइन घेऊन ठेवा. एकट्या माणसाचा फायदा इथे कळतो: चौघांना न मिळणाऱ्या वेळेत एक जागा अनेकदा उरलेली असते.

हे ग्रंथालय १७१७ ते १७२८ या काळात राजा पाचव्या जुआंवच्या वेळी बांधलं गेलं, ब्राझीलच्या सोन्याच्या जोरावर. तीन दालनं आहेत, ओकच्या कपाटांवर सोनेरी चिनी धाटणीची नक्षी आहे. पण नजर छतावर लावून बसू नका, कपाटांच्या मधल्या फटींकडे बघा. वरची पुस्तकं काढायच्या शिड्या तिथे आत सरकवून ठेवलेल्या आहेत, कळणारही नाहीत अशा. भिंती दोन मीटरहून जाड आहेत. दार सारखं उघडं ठेवत नाहीत, ते आतली हवा आणि दमटपणा सांभाळण्यासाठी. आणि वटवाघळं! या ग्रंथालयात वटवाघळांची वस्ती आहे. रात्री ती पुस्तकं खाणारे किडे टिपतात, म्हणून त्यांना कोणी हाकलत नाही. रोज संध्याकाळी जुन्या मेजांवर चामडं अंथरतात आणि सकाळी विष्ठा पुसून ते उचलतात. कागद वाचवण्याची इतकी साधी, इतकी जुनी आणि अजून चालू असलेली पद्धत जगात फार थोड्या ठिकाणी बघायला मिळेल. तळात विद्यार्थ्यांसाठीचा तुरुंगही आहे.

बाहेर आलात की दरबार हॉल, म्हणजे साला दुश कापेलुश. पूर्वीचा राजवाडा हा, आता इथे पीएचडीच्या तोंडी परीक्षा होतात. परीक्षा चालू असली तर पर्यटकांना सोडत नाहीत आणि त्याबद्दल कुरकुर करू नये, खोली त्यांचीच आहे. मनोऱ्याचा जिना अरुंद आणि गोल आहे. गुडघे कुरकुरत असतील तर सोडून द्या, अंगणाच्या कठड्यावरूनही नदी छान दिसते आणि अंगणात जायला तिकीट लागत नाही.

अंगणाबाहेरच्या रुंद, सरळ, रुक्ष इमारती बघून लोकांचा विरस होतो. त्यामागे कारण आहे. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार आधी याच विद्यापीठात अर्थशास्त्राचा प्राध्यापक होता. त्याच्या राजवटीने १९४० च्या दशकापासून वरच्या गावातली जुनी वस्ती पाडली, रहिवाशांना हलवलं आणि या इमारती उभ्या केल्या. १७ एप्रिल १९६९ ला इथल्याच गणित विभागाच्या उद्घाटनात विद्यार्थ्यांच्या नेत्याने राष्ट्राध्यक्षांसमोर बोलायची परवानगी मागितली, ती नाकारली गेली आणि विद्यापीठात आंदोलन पेटलं. आपल्यासाठी त्याआधीचा एक धागा महत्त्वाचा आहे. १९२८ मध्ये आदेओदातो बारेतो आणि तेलो द मास्कारेन्यश या गोव्याच्या तरुणांनी याच गावातून ‘इंडिया नोव्हा’ नावाचं वृत्तपत्र काढलं. सालाझारच्याच विद्यापीठाच्या गावात बसून गोव्याची मुलं भारताबद्दल लिहीत होती. गोव्याहून येणाऱ्याने हे ठाऊक असल्याशिवाय त्या गल्ल्यांतून फिरू नये.

आता उतार. पहिला थांबा माशादु द काश्त्रु संग्रहालय. वरची शिल्पं चांगली आहेत, पण वेळ कमी असेल तर सरळ तळघरात जा. रोमनांना त्यांच्या एमिनियम नगरासाठी सपाट चौक हवा होता आणि डोंगर तर तिरका. म्हणून त्यांनी कमानींच्या बोगद्यांचे दोन मजले उभे करून त्यावर चौक टेकवला. दोन हजार वर्षांनी वरची इमारत अजून त्याच बोगद्यांवर उभी आहे. त्या थंडगार अंधारात चाललात की या गावाची गोम कळते: इथे सपाट जागा कमवावी लागते.

पुढे किल्ल्यासारखी सॅ वेल्या, बाराव्या शतकातलं जुनं कॅथीड्रल. तिथून केब्रा-कॉश्ताश ही पायऱ्यांची गल्ली, नावाचाच अर्थ पाठ मोडणारी. चुनखडीचे फरशीचे तुकडे झिजून गुळगुळीत झालेत आणि पावसात साबणासारखे निसरडे होतात. रबरी, खाचांचा तळ असलेले बूट घाला. आल्मेदिनाच्या कमानीतून (अरबी मदिना, म्हणजे शहर, तीच ही) खाली आलात की सांता क्रूझ मठ येतो. पोर्तुगालचा पहिला राजा अफोंसो एन्रिकेश इथे विसावलाय. आपल्या हापूसच्या नावातला अफोंसो वेगळा, पण नाव तेच.

जेवण अडीचच्या आत उरका, नंतर बऱ्याच ठिकाणी स्वयंपाकघर बंद होतं. न मागता पाव, ऑलिव्ह, चीज मेजावर येतं, ते फुकट नसतं. नको असेल तर लगेच परत करा. एकट्याला ‘मेया दोझ’ म्हणजे अर्धी प्लेट पुरते. बकऱ्याचं मांस लाल वाइनमध्ये मातीच्या भांड्यात तासन्‌तास शिजवतात, ती शांफाना चुकवू नका. शाकाहाऱ्यांनी काल्दु व्हेर्द सूप मागताना ‘सें शोरिसु’ म्हणा, नाहीतर त्यात सॉसेजची चकती येते.

दुपारी पूल ओलांडून सांता क्लारा-आ-वेल्या हा जोगिणींचा जुना मठ. नदीचं पाणी दरवर्षी आत शिरायचं, म्हणून जोगिणींनी चर्चच्या मध्यावर दुसरी जमीन बांधून वर राहायला सुरुवात केली. १६७७ मध्ये अखेर हार मानून त्या टेकडीवरच्या नव्या मठात गेल्या. त्या अर्ध्या उंचीच्या जमिनीच्या खुणा अजून दिसतात.

संध्याकाळी फादू, म्हणजे पोर्तुगालचं पारंपरिक गाणं, ऐका. इथला फादू लिस्बनपेक्षा वेगळा: परंपरेने पुरुष गातात, काळा अंगरखा घालून, आणि गिटार एक स्वर खाली लावलेली असते. गाणं संपल्यावर टाळ्या वाजवायच्या नसतात, जुनी रीत म्हणजे घसा खाकरायचा. मुक्काम बायशातच असेल तर परतताना जिने चढायचे नाहीत. रात्री दिवे लागलेल्या मनोऱ्याकडे खालून बघत नदीकाठाने चालत जाता येतं.