विकत घेतलं म्हणे!

2019 च्या पुरात कृष्णा घरात आली आणि खालच्या फळीवरच्या पुस्तकांचा लगदा झाला. तेव्हापासून सांगलीतले आमच्यासारखे काही जण ई-पुस्तकांकडे वळले. आता वाटतं, लगदा तरी आपल्या मालकीचा होता! इथं पैसे मोजायचे आणि मिळतो नुसता वाचायचा परवाना. 2009 मध्ये अ‍ॅमेझॉननं जॉर्ज ऑर्वेल या इंग्रजी लेखकाची विकलेली ई-पुस्तकं लोकांच्या किंडलवरून, म्हणजे त्यांच्या ई-पुस्तक वाचायच्या यंत्रावरून, परस्पर पुसून टाकली होती. पैसे परत दिले म्हणा, पण म्हणून आमच्या कपाटात हात घालायचा?

मराठीचे हाल तर विचारूच नका, राव. ई-बुक म्हणून विकतात आणि उघडलं की छापील पानांचे स्कॅन! अक्षर मोठं करावं तर ओळ पडद्याबाहेर. मग बोटानं पान सरकवत बसा, डावीकडं, उजवीकडं. कुठं जुन्या फॉन्टचा मजकूर युनिकोड या आजच्या संगणकी अक्षरपद्धतीत फिरवलेला, त्यात रफार भलत्याच अक्षरावर. मुद्रितं तपासणारं कुणी उरलंय का नाही?

वर जीएसटी. छापील पुस्तकाला शून्य, ई-बुकला मात्र द्यायचा. आणि वाचून झालेलं मिरजेच्या मावशीला द्यायचं म्हटलं, तर काय, फोनच देऊ?