बिशप ऑकलंड म्हणजे फक्त 'ते तीन खेळाडू' नव्हेत

दर ६ फेब्रुवारीला आपल्याकडच्या मँचेस्टर युनायटेडवाल्यांच्या वॉलवर म्युनिकच्या विमान अपघाताच्या पोस्ट दिसतात. दिसायलाच हव्यात. १९५८ साली त्या अपघातात २३ माणसं गेली, त्यातले ८ खेळाडू. पण हल्ली कमेंटमध्ये हमखास कुणीतरी बिशप ऑकलंडचा किस्सा टाकतं. एका छोट्याशा हौशी क्लबनं युनायटेडला तीन खेळाडू दिले, सोबत डोळ्यांत पाणी आणणारा इमोजी. किस्सा खरा आहे. खटकतो तो सूर, जणू गरीब शेजाऱ्यानं वाटीभर साखर दिली.

गरीब शेजारी? उत्तर इंग्लंडातल्या डरहॅम परगण्यातल्या कोळसाखाणींच्या मुलखातला हा क्लब त्याआधीची सलग तीन वर्षं, १९५५, ५६ आणि ५७, एफए अमॅच्युअर कप जिंकून बसला होता. एफए म्हणजे इंग्लंडची फुटबॉल संघटना, आणि हा कप म्हणजे पगार न घेणाऱ्या खेळाडूंची अख्ख्या इंग्लंडची स्पर्धा. बिशपनं ती एकूण १० वेळा जिंकली. दुसऱ्या कुठल्याच क्लबला ते जमलं नाही.

आणि हौशी म्हणजे रिकामी मैदानं असंही समजू नका. १९५४ ची फायनल बिशप आणि क्रूक टाउन यांच्यात झाली. ही दोन्ही गावं एकमेकांपासून जेमतेम काही मैलांवर. वेम्बलीला १ लाख लोक आले, सामना २-२. न्यूकॅसलला पुन्हा खेळले, ५६ हजार लोक, पुन्हा २-२. मग मिडल्सब्रोला तिसरा सामना, आणखी ३६ हजारांवर माणसं, आणि क्रूकनं १-० असा जिंकला. शेजारच्या दोन गावांच्या भांडणाला तीन सामन्यांत मिळून १ लाख ९० हजारांहून जास्त प्रेक्षक! पुढच्याच वर्षी बिशप परत वेम्बलीला आला आणि हेंडनला २-० हरवून कप घेऊन गेला. त्याच हंगामात एफए कपमध्ये, म्हणजे व्यावसायिक क्लबही खेळतात त्या स्पर्धेत, त्यांनी क्रिस्टल पॅलेसला त्यांच्या घरच्या मैदानावर ४-२ नमवलं, इप्सविचला बरोबरीनंतर पुन्हा झालेल्या सामन्यात ३-० धुतलं, आणि चौथ्या फेरीत यॉर्क सिटीकडून हरले. यॉर्क पुढे सेमीफायनलपर्यंत गेला, तेव्हा त्या हरण्यातही फार लाज नव्हती.

त्या काळातला माझा आवडता माणूस म्हणजे गोलकीपर हॅरी शॅरट. पेशानं शिक्षक. त्याच्याबद्दल सांगतात की बर्फ पडलेल्या एका सामन्यात चेंडू त्याच्याकडे फिरकेचना, तर पठ्ठ्यानं गोललाइनवर चक्क बर्फाचा माणूस उभा केला आणि पंचानं त्याचं नाव वहीत टिपलं, म्हणजे ताकीदच दिली. खरंखोटं देव जाणे, पण ज्याच्याकडे चेंडूच येत नाही अशा गोलकीपरच्या नावावरच असली कथा खपते.

आता त्या तिघांबद्दल. बॉब हार्डिस्टी, डेरेक लुइन, वॉरन ब्रॅडली. हार्डिस्टीची युनायटेडच्या मॅनेजरशी, मॅट बझबीशी, ओळख १९४८ च्या लंडन ऑलिंपिकपासूनची, तेव्हा ब्रिटनचा संघ बझबीच्या हाताखाली होता. अपघातानंतर युनायटेडच्या राखीव संघातली पोरं रातोरात पहिल्या संघात गेली आणि राखीव संघाला अनुभवी माणसं हवी होती. हार्डिस्टी तेव्हा ३७ वर्षांचा, निवृत्त झालेला. तरी गेला. ब्रॅडली मात्र तिथेच टिकला. राखीव संघातून मुख्य संघात आला, १९५९ मध्ये इंग्लंडकडून तीन सामने खेळला, पहिल्याच सामन्यात इटलीविरुद्ध गोलही केला. हे सगळं शाळेतली शिक्षकी सांभाळून. म्हणजे बिशपनं नुसती सहानुभूती नाही दिली, तयार माल दिला. युनायटेडनंही जाणीव ठेवली. १९९६ मध्ये बिशप पैशांच्या अडचणीत सापडला, तेव्हा त्यांचा संघ मदतीचा सामना खेळायला आला.

मग एवढा क्लब गेला कुठे? १९७४ मध्ये एफएनं हौशी आणि व्यावसायिक हा भेदच रद्द केला आणि अमॅच्युअर कप बंद झाला. यावर हळहळणारे बरेच आहेत, मी त्यांच्यातला नाही. तो भेद केव्हाच ढोंग झाला होता. सामना संपल्यावर बुटात नोटा सापडायच्या, त्याला 'बूट मनी' म्हणायचे, आणि सगळ्यांना सगळं ठाऊक असायचं. ते ढोंग संपलं हे चांगलंच झालं. पण त्याची किंमत बिशपसारख्यांनी मोजली हेही तितकंच खरं. ज्या स्पर्धेत ते राजे होते ती स्पर्धाच उरली नाही, आणि नव्या शिडीवर त्यांना खालच्या पायरीपासून चढायला लागलं.

त्यात मैदानाचा घोळ. किंग्जवे हे त्यांचं जुनं मैदान क्रिकेट क्लबसोबत वाटून घेतलेलं, त्यामुळे एक बाजू कायम उघडी. २००१ मध्ये ते सुटलं आणि पुढची जवळपास दहा वर्षं क्लब दुसऱ्यांच्या मैदानांवर घरचे सामने खेळत फिरला. २०१० मध्ये हेरिटेज पार्क हे स्वतःचं मैदान मिळालं. तिथे फिक्या आणि गडद निळ्या रंगाची जर्सी आजही घालतात. १८८६ च्या आसपास ऑक्सफर्ड-केंब्रिजहून पाद्री व्हायला आलेल्या विद्यार्थ्यांनी हा खेळ इथे रुजवला, त्या दोन विद्यापीठांचे हे दोन निळे.

तेव्हा पुढच्या वेळी किस्सा जरूर टाका. फक्त त्या दहा कपांचा उल्लेख करा आणि तो रडका इमोजी काढा.