खुर्चीवर टॉवेल वाळत घालू नये

मराठी घरात खुर्ची रिकामी राहत नाही. माणूस उठला की तिच्यावर टॉवेल येतो, मागोमाग इस्त्रीचे कपडे, मग दळणाचा डबा. इलेक्ट्रिक व्हीलचेअर घरात आली की तीही याच शिस्तीत बसवली जाते. मागच्या दोन हँडलांना भाजीच्या पिशव्या, खुर्चीच्या हातावर ओला पंचा आणि पाय ठेवायच्या फूटप्लेटवर उभा नातू. माझं म्हणणं एवढंच आहे की ही दोन मोटरींची, चोवीस व्होल्टची गाडी आहे. लेड-ॲसिड बॅटऱ्यांसकट तिचं वजन पन्नास-साठ किलो भरतं. गाडीला जे जे लागतं ते सगळं हिलाही लागतं, फक्त पीयूसी तेवढं काढावं लागत नाही.

पंच्याचं प्रकरण आधी मिटवते. जॉयस्टिक म्हणजे खुर्ची चालवायची, तिच्या हातावरची बोटाएवढी कांडी. स्विच चालू असताना तिला जरा धक्का लागला की खुर्ची निघाली. धक्का बसणाऱ्याच्या हाताचा, पदराचा, ताटाच्या कडेचा की "जरा सरक गं" म्हणत टेकलेल्या मावशींचा, याची ती चौकशी करत नाही. जेवायच्या टेबलाखाली खुर्ची घातलेली, जॉयस्टिक टेबलाच्या कडेला अडकलेली आणि खुर्ची जीव खाऊन पुढे जातेय, हे दृश्य विनोदी दिसतं ते फक्त समोर बसलेल्यांना. म्हणून थांबलात की स्विच बंद. पलंगावर जाताना क्रम असा: खुर्ची पलंगाला चिकटवून लावा, स्विच बंद करा, मोटरींचे लिव्हर जागेवर आहेत का बघा, फूटप्लेट वर दुमडा आणि मगच अंग हलवा. फूटप्लेटवर पाय देऊन उभं राहिलं की सगळं वजन पुढच्या चाकांच्याही पुढे जातं आणि खुर्ची आपल्यासकट साष्टांग नमस्कार घालते.

आता ते लिव्हर. स्विच बंद केला की ब्रेकही गेला, असं पुष्कळांना वाटतं. असतं बरोबर उलटं. या ब्रेकला स्प्रिंग दाबून धरते आणि वीज मिळाली की तो सुटतो. निघताना खुर्चीखालून जो 'टक्' आवाज येतो, तो ब्रेक सुटल्याचा. त्यामुळे वीज गेली, वायर तुटली, काहीही झालं तरी खुर्ची जागच्या जागी घट्ट. पण बंद पडलेली खुर्ची ढकलता यावी म्हणून प्रत्येक मोटरीवर एक लिव्हर दिलेला असतो. तो फिरवला की चाक मोटरीपासून सुटतं आणि ब्रेकपासूनही. हा शोध सोसायटीच्या वॉचमनला लागला की तो आनंदाने दोन्ही लिव्हर सोडतो, "आता बघा ताई, कशी लोण्यासारखी चालते!" आणि गेटच्या उतारावर हात सोडून कुणाशी तरी बोलायला वळतो. माणूस आणि खुर्ची मिळून एकशेतीस किलोचं लोणी असतं ते. तेव्हा उतारावर लिव्हर सोडायचेच नाहीत. सपाटीवर सोडले तर ज्याने सोडले त्यानेच परत लावायचे. आठवड्यातून एकदा सपाट फरशीवर स्विच बंद करून कुणाला तरी खुर्ची ढकलायला सांगा. हलता कामा नये. एका बाजूने फिरली तर त्या बाजूचा लिव्हर अर्धवट बसलाय किंवा ब्रेक गेलाय.

थांबायचं कसं, हेही शिकवावं लागतं. जॉयस्टिक सोडून द्या, बस. घाबरलेला माणूस ती मागे ओढतो. खुर्ची मग हिसका देऊन मागे येते आणि मागे उभ्या असलेल्याच्या नडगीवर आदळते. चालत्या खुर्चीचा स्विच बंद केला तर ब्रेक एकदम लागतात आणि बसलेला पुढे फेकला जातो, म्हणून तो उपाय खऱ्याखुऱ्या संकटासाठी राखून ठेवावा. कमरेचा पट्टा त्यासाठीच असतो, शोभेला नव्हे. घरात वेग त्याच्या दिव्यांच्या रांगेतल्या सगळ्यात खालच्या एक-दोन दिव्यांवर ठेवावा. खुर्चीचा पूर्ण वेग ताशी सहा किलोमीटरच्या आसपास असतो. ऐकायला कमी वाटतो, पण स्वयंपाकघराच्या दारात तो फार होतो.

बॅटरीच्या बाबतीत प्रत्येक घरात एक तज्ज्ञ असतो आणि त्याचं ज्ञान जुन्या काळच्या मोबाइलवर बेतलेलं असतं. "पूर्ण उतरल्याशिवाय चार्ज करू नये, सवय लागते." सवय लागते ती तज्ज्ञांना. जेल किंवा एजीएम (दोन्ही सीलबंद) जातीच्या लेड-ॲसिड बॅटरीला उतरलेल्या अवस्थेत पडून राहणंच मानवत नाही. प्लेटांवर सल्फेटचे खडे धरतात आणि तेवढी क्षमता कायमची जाते. खुर्ची ज्या दिवशी वापरली त्या रात्री ती चार्जिंगला लावायची आणि हिरवा दिवा लागेपर्यंत काढायची नाही. पस्तीस अँपिअर-अवर क्षमतेच्या बॅटऱ्यांच्या जोडीला पाच अँपिअरचा चार्जर सात तास घेतो, हा झाला नुसता भागाकार. शेवटचा टप्पा संथ असतो, त्यामुळे प्रत्यक्षात नऊ-दहा तास धरा. दोन तास लावून "झालं असेल" म्हणत काढणाऱ्यांच्या बॅटऱ्या दीड वर्षाच्या आत मान टाकतात. खुर्ची महिनाभर वापरात नसेल तरी अधूनमधून पूर्ण चार्ज करून ठेवा. आणि ती उन्हाच्या बाल्कनीत ठेवू नका. पंचवीस अंशांच्या वर दर दहा अंशांना लेड-ॲसिड बॅटरीचं आयुष्य साधारण निम्मं होतं. नागपूर-चंद्रपूरकडच्यांनी हे वाक्य एप्रिल लागायच्या आत वाचावं.

सोसायटीच्या मीटिंगमध्ये पार्किंगमधल्या प्लगचा विषय निघतोच. तिथे सांगायला हिशोब हाताशी असू द्या: चोवीस व्होल्ट गुणिले पस्तीस म्हणजे आठशे चाळीस वॉट-अवर. चार्जरमधली आणि बॅटरीतली गळती धरून पूर्ण रिकामी जोडी भरायला सव्वा युनिट लागतं. त्यावर चर्चा करायला जमलेल्यांच्या चहाला जास्त खर्च येतो.

चार्जर मात्र खुर्चीबरोबर आला तोच वापरायचा. लेड-ॲसिड आणि लिथियम दोन्हींचे चार्जर दिसायला काळे डबे, दोन्हींवर 'चोवीस व्होल्ट' लिहिलेलं, कधीकधी पिनही सारखीच. पण आतली रीत वेगळी असते. सात सेलच्या लिथियम-आयन पॅकला एकोणतीस पूर्णांक चार व्होल्टवर थांबणारा चार्जर लागतो. लेड-ॲसिडचा चार्जर आपल्या पद्धतीने टप्पे बदलत बसतो. पिन बसली म्हणजे सोयरीक जमली असं नाही. लिथियम पॅक फुगला, तापला किंवा पडून चेपला तर तो चार्जिंगला लावायचा नाही, घरात झोपायच्या खोलीत तर ठेवायचाही नाही.

खुर्चीवरचा बॅटरीचा काटा किंवा दिव्यांची रांग आशावादी असते. नुकती चार्ज झालेली म्हातारी बॅटरीही पूर्ण हिरवी दिसते. खरं काय ते चढावर कळतं: चढताना दिवे झरकन खाली आले आणि सपाटीला परत वर गेले, तर बॅटरी थकली आहे. खात्री करायची तर रात्रभर चार्ज करून, चार्जर काढून, तीन-चार तासांनी साध्या मल्टिमीटरने दोन्ही बॅटऱ्या वेगवेगळ्या मोजा. चांगली बॅटरी पावणेतेरा व्होल्टच्या आसपास दाखवते. एक बारा पूर्णांक सातवर आणि दुसरी बाराच्या खाली असेल तर दोषी सापडली. तरी बदलायची जोडीच. नवीला जुनीशेजारी बसवलं की जुनी नवीला आपल्यासारखी करून घेते. झाकण उघडण्याआधी वायरींचा फोटो काढा आणि पान्याच्या दांड्याला इन्सुलेशन टेप गुंडाळा. पाना दोन्ही टर्मिनलांवर आडवा पडला तर पुढचं वर्णन पाना करतो. जुनी जोडी भंगारवाल्याला न देता बॅटरीवाल्याकडे परत द्या. २०२२ च्या नियमांनुसार ती परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे.

याच झाकणाखाली ओळखीच्या इलेक्ट्रिशियनचा हात पोचतो. त्याच्याकडे स्कूटरचा बारा व्होल्टचा हॉर्न असतो, समोर बारा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या दिसतात आणि तो एकीला हॉर्न जोडून देतो. वाजतो झकास. पण ती एकटी बॅटरी रोज जरा जास्त उतरते, चार्जर मात्र जोडीला एकत्र भरतो. त्यामुळे एक उपाशी राहते आणि दुसरीला अजीर्ण होतं. काही महिन्यांत दोन्ही जातात आणि दोष कंपनीला लागतो. हॉर्न, दिवा, मोबाइल चार्जर, जे काही लावायचं ते पूर्ण चोवीस व्होल्टवरून, कन्व्हर्टर घालून आणि फ्यूज टाकून लावावं.

उताराबद्दल बोलायचं तर आधी गवंड्याशी बोलावं लागेल. "व्हीलचेअरसाठी रॅम्प करा" म्हटलं की तो ॲक्टिव्हा चढवायचा उतार करतो, कारण त्याने आयुष्यभर तोच केलेला असतो. हिशोब सोपा आहे, एकास बारा. सहा इंचांच्या पायरीला सहा फूट, दीड फुटाच्या जोत्याला अठरा फूट. "एवढी जागा कुठाय?" हा पुढचा प्रश्न असतो, आणि तो रास्त असतो. पण जागा नाही म्हणून पृथ्वी आपला नियम शिथिल करत नाही. उभ्या चढावर मोटरी तापतात, त्यांना वीज पुरवणारा कंट्रोलर स्वतःला वाचवायला ताकद कमी करतो आणि खुर्ची मधेच थांबते. त्यात मागच्या हँडलला पाच किलो कणीक आणि दोन नारळ टांगलेले असतील तर पुढची चाकं अलगद उचलली जातात. मागे जी दोन छोटी चाकं जमिनीलगत असतात, ती याचसाठी. ती पायाला लागतात म्हणून काढून माळ्यावर ठेवणारे नातेवाईक मला माहीत आहेत. माळा कधी उलटा पडत नाही, हे त्यांचं बरोबर आहे. चढताना नाक समोर, अंग किंचित पुढे. उतरताना मंद, पाठ टेकून. उतारावर तिरकं जायचं नाही, वळायचं नाही. उंबरठाही असाच काटकोनात घ्यायचा. तिरका घेतला तर एक चाक वर, एक खाली, आणि आपण मधोमध.

रॅम्प नसला की चौघे जण येतात. महाराष्ट्रात मदतीला माणसं कमी पडत नाहीत. "उचलूया की!" म्हणत एक जण खुर्चीच्या हातावर हात घालतो, दुसरा फूटरेस्ट धरतो. नेमके हे दोन्ही भाग निघतात, आणि ते त्यांच्या हातात राहतात. बसलेल्या माणसासकट खुर्ची उचलायचीच नाही. माणूस आधी दुसरीकडे बसवा, शक्य असेल तर बॅटऱ्या काढा म्हणजे पंधरा-वीस किलो उतरतात, आणि खुर्ची मुख्य सांगाड्याला धरून उचला. कुठे धरायचं तिथे रंगीत टेप चिकटवून ठेवली तर ओरडावं लागत नाही.

महिन्यातून एकदा पुढची चाकं बघायची. खुर्ची बाजूला कलवून कॅस्टरच्या, म्हणजे या गरागरा वळणाऱ्या चाकांच्या, आसाशी टॉर्च धरा. तिथे घरचा सगळा इतिहास गुंडाळलेला असतो: लांब केस, फाटलेल्या परकराची नाडी, राखीचा रेशमी दोरा, संक्रांतीचा मांजा आणि या सगळ्याला घट्ट धरून ठेवणारी रांगोळी. हा गोळा बेअरिंगच्या सीलमध्ये शिरला की चाक जड फिरतं, खुर्ची एका बाजूला ओढते आणि आपण जॉयस्टिकला दोष देतो. क्रोशाची सुई आणि छोटी कात्री पुरते. नंतर चाक बोटाने फिरवून बघा: न खरखरता फिरावं, पण डुगडुगता कामा नये. आसाचा नट नायलॉनच्या कड्याचा असतो. तो नुसत्या बोटांनी फिरायला लागला तर नवा घाला. मागच्या टायरमध्ये हवा असेल तर टायरवर छापलेल्या आकड्याएवढीच भरा. पंक्चरवाल्याला "कार आहे का?" असं विचारू देऊ नका, तो त्याच हिशोबाने भरतो.

पावसाळ्यात मोटरींपेक्षा जीव जॉयस्टिकमध्ये अडकलेला असतो. कांडीभोवती घडीघडीचं रबरी बूट असतं. त्याला घडीच्या खोबणीत बारीक चीर गेली की पाणी आत उतरतं आणि पुढे खुर्ची स्वतःची मतं मांडू लागते. चीर दिसली की बूट बदला, फेव्हिक्विक लावू नका. तोवर पारदर्शक प्लास्टिकची पिशवी आणि रबरबँड चालतो. घरी आल्यावर पिशवी काढा, नाहीतर आत घाम धरतो. सोसायटीत गाड्या धुणाऱ्याच्या पाइपापासून खुर्ची लांब ठेवा. ओलं फडकं, मग कोरडं फडकं, एवढीच तिची आंघोळ.

गादीबद्दल थोडक्यात: तीही सुट्टा भागच आहे, आणि उलटी घातली जाते. हवेच्या गादीवर बसल्यावर गादी आणि शरीर यांच्यामध्ये हात सरकवून बघा. हाड आणि गादीचा तळ यांच्यात सव्वा ते अडीच सेंटिमीटर जागा राहायला हवी. दर पंधरा ते तीस मिनिटांनी वजन हलवा, विशेषतः ज्यांना खालची संवेदना नाही त्यांनी. गादीवर फुटलेली जखम बॅटरीपेक्षा महाग पडते.

आणि मग एके सकाळी खुर्ची बंद पडते. मेकॅनिकला फोन करून "चालत नाही" सांगितलं तर तो "बघतो" म्हणतो आणि गुरुवारी येतो. त्याआधी दिवे मोजा. बंद पडलेली खुर्ची लुकलुकून बोलते. व्हीआर-२ नावाच्या बऱ्याच खुर्च्यांवर दिसणाऱ्या कंट्रोलरमध्ये एक लुकलुक म्हणजे बॅटरी उतरली किंवा तिची जोडणी सैल, दोन आणि तीन डाव्या मोटरीची तक्रार, चार आणि पाच उजव्या मोटरीची, सात जॉयस्टिकची, नऊ ब्रेकच्या जोडणीची. दुसऱ्या कंपनीची भाषा दुसरी, त्यामुळे माहितीपुस्तकाचं ते एक पान फोटो काढून मोबाइलमध्ये ठेवा. सात आलं तर घाबरायच्या आधी स्विच बंद करा, जॉयस्टिक मोकळी सोडा आणि पुन्हा चालू करा. स्विच लावताना हात कांडीवरच असेल तर खुर्ची मुद्दाम निघत नाही. दोन किंवा चार आलं तर मोटरीचा प्लग काढून परत घट्ट बसवा. नऊ आलं तर वॉचमनला विचारा, लिव्हर कोणी सोडलाय. आणि सहा आलं तर कुणाला फोन करू नका. चार्जरची पिन अजून लावलेलीच आहे.