‘एर वाइस’ला ‘ट’ का नाही?

लाइपझिगला आलो त्या वर्षी संध्याकाळच्या जर्मन वर्गात मी ‘एर वाइस्ट’ म्हणालो आणि बाईंनी फळ्यावरचा शेवटचा ‘ट’ बोटानेच पुसला. ‘तो करतो’ म्हणजे ‘एर माख्ट’, ‘तो येतो’ म्हणजे ‘एर कोम्ट’, मग इथेच का नाही? इख वाइस, एर वाइस: मला माहीत आहे, त्याला माहीत आहे, रूप तेच. पाठ करा, म्हणाल्या.

ट्रॅममध्ये एकदम संस्कृत आठवलं: अहं वेद, स वेद (मी जाणतो, तो जाणतो). तिथेही रूप एकच! शाळेत आम्ही ‘वेत्ति’ घोकलं, पण पाणिनीने ‘विदो लटो वा’ असं सूत्रच करून ठेवलंय: विद् धातूला वर्तमानकाळातही विकल्पाने परोक्षभूताचे, म्हणजे एका भूतकाळाचे, प्रत्यय लागतात. मुळात ‘मी पाहिलंय’, म्हणून ‘मला माहीत आहे’. ‘वाइस’ही तसंच मुळात भूतकाळाचं रूप, म्हणून वर्तमानाचा ‘ट’ नाही. माझ्या चुकलेल्या ‘ट’चं उत्तर पाणिनीच्या अष्टाध्यायीत निघालं.

हे मी कौतुकाने घरच्या ग्रुपवर टाकलं. २०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाल्यापासून तिथे भाषेचा विषय तापलेलाच असतो. काकांनी लगेच निकाल दिला: जर्मन ही संस्कृतची मुलगी. भाच्याने उलटं टोक गाठलं: हे सगळं गोऱ्यांचं कुभांड.

काका, हेच रूप ग्रीकमध्ये ‘ओइदा’ आहे. मूळचे अ, ए, ओ हे ऱ्हस्व स्वर संस्कृतात मिसळून एकच ‘अ’ झाला, ग्रीकने ते वेगळे राखले. आईनेच विसरलेला फरक मुलीला कुठून आठवणार? जर्मन, डच यांच्या जर्मानिक शाखेत जुन्या ‘द’चा नियमाने ‘त’ झाला; भाषाशास्त्रज्ञ याकोब ग्रिमने १८२२ मध्ये हा नियम मांडला. म्हणून तिथलं जुनं रूप ‘*वाइत’. डच ‘वेट’मध्ये तो ‘त’ टिकला, जर्मनमध्ये पुढे त्याचा ‘स’ झाला. वेद आणि वाइस चुलत घराण्यातले.

आणि भाच्या, गोरेही काही निर्मोही नाहीत. संस्कृत, ग्रीक, जर्मन ज्यात येतात त्या अख्ख्या भाषाकुलाला जर्मन विद्यापीठांत अजून ‘इंडोगेर्मानिश’ म्हणतात, स्वतःचं नाव शेपटीला लावून.

काकांनी विचारलं, “ते वाइत कुठल्या पोथीत आहे?” गॉथिक बायबलात ‘वाइत’ आहे, पण मूळ जर्मानिक भाषेतलं ते रूप लिहिलेलं सापडलेलं नाही, म्हणूनच त्याच्या डोक्यावर तारा. आपल्या विधानसभेतल्या तारांकित प्रश्नासारखं नव्हे. इथे तारा म्हणजे ‘लिहिलेलं सापडलं नाही, तुलनेने काढलंय’.

काकांनी अंगठा दिला. दुसऱ्या दिवशी त्यांचाच संदेश दुसऱ्या ग्रुपवर फिरत आला: ‘जर्मन लोक आजही रोज वेद बोलतात.’ तारा कुठेच नव्हता.