तीन लाखांच्या भाषेतली चित्रकार

पहिलीपासून हिंदी शिकवण्याचा 2025 मधला शासन निर्णय जूनअखेर मागे घेतला गेला, तोवर महाराष्ट्रात शाळा, सक्ती आणि अस्मिता यांवर पुष्कळ बोलून झाले होते. मात्र मराठीत मुलांसाठी लिहिणाऱ्या आणि चित्रे काढणाऱ्या माणसाचे पोट कशावर चालते, हा प्रश्न त्या वादात मला कुठे भेटला नाही. हेलसिंकीत राहणाऱ्याला तो टाळता येत नाही, कारण या शहरात 1914 साली जन्मलेली बालपुस्तकांची लेखिका आणि चित्रकार तूवे यान्सन आयुष्यभर स्वीडिशमध्ये लिहीत राहिली आणि ती मातृभाषा असलेले लोक फिनलंडमध्ये आज तीन लाखांच्या आत आहेत.

तिचे वडील शिल्पकार होते आणि आई टपाल तिकिटांची चित्रे काढत असे. ‘गार्म’ या स्वीडिश विनोदी मासिकासाठी तूवे शाळकरी वयापासून चित्रे काढू लागली आणि 1938 मध्ये तिने तिथे हिटलरला हट्टी, रडक्या पोराच्या रूपात रंगवले. पुढे जगभर गाजलेला गोल नाकाचा काल्पनिक प्राणी मूमिन आधी याच व्यंगचित्रांत तिच्या सहीशेजारी दिसू लागला. मूमिनचे पहिले पुस्तक 1945 चे. इंग्रजी अनुवाद 1950 मध्ये सुरू झाले, पण मूमिन फिनिश भाषेत यायला 1955 साल उजाडले. स्वतःच्याच देशातल्या बहुसंख्याकांपर्यंत ती लंडनच्या वाचकांनंतर पोहोचली.

आपल्याकडे शिक्षणाच्या परिषदेत फिनलंडचे नाव घेतले की टाळ्या हमखास पडतात, म्हणून सांगायला हवे की तिला स्थैर्य दिले ते 1954 पासून लंडनच्या ‘इव्हनिंग न्यूज’मध्ये येणाऱ्या चित्रमालिकेने. त्या रोजच्या कामाने रंगचित्रे मागे पडू लागली, तेव्हा 1959 मध्ये तिने मालिका भाऊ लार्सकडे सोपवली. शिवाय स्वीडिशला इथे राजभाषेचा दर्जा आहे आणि शेजारी अख्खा स्वीडन वाचक म्हणून उभा आहे.

तरीही 2011 च्या जनगणनेत सव्वाआठ कोटींहून अधिक लोकांनी मातृभाषा म्हणून नोंदवलेल्या मराठीला संख्येची सबब सांगता येणार नाही. लेखन आणि चित्रे दोन्ही स्वतः करणाऱ्या माधुरी पुरंदरे यांची पुस्तके आपण कौतुकाने वाचतो, परंतु एवढ्या मोठ्या भाषेत अशी नावे बोटांवर मोजावी लागतात आणि त्याचे कारण प्रतिभेचा तुटवडा हे नव्हे. फिनलंडमध्ये आज सार्वजनिक ग्रंथालयातून पुस्तके घरी नेली जातात, त्याबद्दल लेखक, अनुवादक आणि चित्रकार यांना सरकारी निधीतून मोबदला मिळतो. महाराष्ट्रात 1967 पासून ग्रंथालयांचा कायदा आहे आणि अनुदानावर चालणारी हजारो ग्रंथालयेही आहेत. असा मोबदला निदान बालपुस्तकांपुरता तिथे सुरू करता येईल. फक्त तो ग्रंथालयांच्या आधीच तुटपुंज्या अनुदानातून कापला जाता कामा नये, त्यासाठी अर्थसंकल्पात वेगळी तरतूद मागावी लागेल.